वेचलेल्या पुंगळ्या

२०२० सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या कुठल्याही शिकारी सामानाच्या दुकानात ९ मिलिमीटरच्या पन्नास काडतुसांचं खोकं नऊ-दहा डॉलरला मिळायचं. पिस्तुलाचं हे तिथलं सगळ्यांत सामान्य काडतूस. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत त्याच खोक्याला पस्तीस-चाळीस डॉलर पडू लागले, आणि तेवढे मोजायची तयारी असूनही बहुतेक दुकानांत फळ्या मोकळ्याच होत्या. जिथे माल होता तिथे ‘माणशी एक खोकं’ अशी पाटी. दुकान उघडायच्या आधी दारात रांग लागायची आणि पहिल्या वीस मिनिटांत सगळं संपायचं.

कारणं उघड होती. मार्चमध्ये कोविड, उन्हाळ्यात शहरोशहरी निदर्शनं आणि जाळपोळ, नोव्हेंबरात निवडणूक. बंदूक घेणाऱ्याची जी पार्श्वभूमी-तपासणी एफबीआयच्या यंत्रणेतून होते, तिचा २०२० सालचा आकडा ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. त्याआधी असा आकडा कधी दिसला नव्हता. (एक तपासणी म्हणजे एक विक्री असं सरळ समीकरण नाही, पण वारं कुठल्या दिशेचं होतं ते कळतं.) बंदूक-व्यवसायाच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक विकत घेतली. आता या नव्या माणसांनी प्रत्येकी दोनच खोकी घेतली असं धरलं, तरी ८४ कोटी काडतुसं झाली. दोन खोकी म्हणजे काहीच नाहीत. नेमबाजीच्या मैदानावर एका दुपारी सहज उडतात.

आणि नेमक्या त्याच वर्षी, जुलैमध्ये, १८१६ सालापासून चालत आलेल्या रेमिंग्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळा देश काडतुसांसाठी रांगेत उभा, आणि काडतुसं बनवणाऱ्या देशातल्या सगळ्यांत जुन्या नावांपैकी एकाला टाळं! हे कोडं सुटायला थोडं मागं जावं लागतं. २००८मध्ये ओबामा निवडून आले तेव्हा नवे कायदे येणार या धास्तीने बाजार रिकामा झाला. डिसेंबर २०१२मध्ये सँडी हुकच्या शाळेत लहान मुलांचं हत्याकांड झालं, कायदा कडक करण्याची चर्चा सुरू झाली, आणि दुकानांतून .२२ची काडतुसं गायब झाली. ही .२२ म्हणजे पोरांना नेम शिकवायचं, टिनाचे डबे पाडायचं, स्वस्तातलं काडतूस. ती टंचाई पुढे काही वर्षं रेंगाळली. त्या काळात एक अफवा अशी होती की केंद्र सरकारचं गृहसुरक्षा खातंच सगळा माल विकत घेऊन टाकतंय. सरकारच्या हिशेबतपासनिसांनी पुढे आकडे मांडले, तेव्हा त्या खात्याची खरेदी उलट कमी झालेली निघाली. मग २०१६ला बंदूकधार्जिण्या पक्षाचा माणूस निवडून आला, भीती ओसरली, विक्री घसरली, आणि रेमिंग्टनचं पहिलं दिवाळं मार्च २०१८मध्ये वाजलं. २०२०चं हे दुसरं. कर्जात बुडालेल्या कंपनीपर्यंत तेजी पोचलीच नाही. तिचा आर्कान्सामधल्या लोनोक गावचा काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरला उचलला.

मला यात एक गोष्ट फार बोचते. माणसं मेली म्हणून काडतुसांचा भाव चढत नाही. माणसं मेल्यावर कायदा बदलेल की काय, या शंकेने चढतो. शंका फिटली की उतरतो. पण प्रत्येक वेळी उतरताना पूर्वीच्या पायरीपर्यंत खाली येतोच असं नाही.

या सगळ्या काळात नेमबाजीच्या मैदानांवर एक माणूस नेहमी दिसायचा, तो आणखी ठळक दिसू लागला. सगळे नेम धरून उभे असताना हा खाली बघत असतो. लोकांच्या पिस्तुलांतून उडून पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचतो. हातात बादली असते, कधी जमिनीवर फिरवायचं तारांचं पिंजरेवजा चाक असतं. शेजारच्याला विचारतो, ‘तुम्ही नेणार नसाल तर मी घेऊ?’ घरी नेऊन त्या पुंगळ्यांत तो नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येतो. अमेरिकेत याला रीलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरापुरतं करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं असेल तरच लागतो.

माझ्या आईचे एक चुलतभाऊ डॅलसच्या उत्तरेला राहतात. मूळचे नाशिकचे, नव्वदीच्या दशकात संगणकाच्या नोकरीवर गेलेले, आता निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये गाड्यांना जागा नाही. एका भिंतीला जाड लाकडी बाक, त्यावर बोल्टने आवळलेला हिरव्या रंगाचा प्रेस, वर फळीवर डब्यांची ओळ. माझ्या भेटीच्या वेळी एका कोपऱ्यात भांडं थरथरत होतं आणि त्यातून सतत खुळखुळ येत होती. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात पुंगळ्या घासल्या जात होत्या.

‘हात लावायचा नाही कशाला, आधी फोन बाहेर ठेव,’ मामांनी पहिलं सांगितलं. ‘इथे काम करताना मी तुझ्या मामीशीही बोलत नाही.’

‘तसेही बोलत नाहीत,’ दारातून मामी.

काडतुसाचे चार भाग. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली चिमुकली टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू आणि तोंडाला गोळी. बार उडतो तेव्हा गोळी जाते, दारू जळते, टोपी खर्ची पडते. पुंगळी तेवढी उरते. काडतुसाचं पितळ सुमारे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं असतं आणि चारांतला तो बहुधा सर्वांत महाग भाग. म्हणजे विकत घेतलेल्या मालातला महाग तुकडाच आपण जमिनीवर टाकून येतो. रीलोडिंगचं सगळं अर्थशास्त्र इथून निघतं.

बार उडताना पुंगळी बंदुकीच्या नळीच्या मापाने फुगते. तिला प्रेसमध्ये ठेवून दांडा खाली ओढला की वरचा पोलादी साचा, म्हणजे डाय, तिला दाबून पुन्हा मूळ मापात आणतो आणि आतली सुई जळालेली टोपी खाली पाडते. मग नवी टोपी बसवायची. मग दारू मोजून घालायची. ही मोजणी ग्रेनमध्ये. एका पौंडात सात हजार ग्रेन, म्हणजे एक ग्रेन ग्रॅमच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दारू लागते अवघी चार-पाच ग्रेन. एक पौंडाच्या डब्यात दीड हजार काडतुसं होतात. मोठ्या रायफलीच्या .३०८ला मात्र चाळिसांवर ग्रेन लागते, तिथे तोच डबा दीडशे-एकशेसाठ बारांत संपतो. शेवटी गोळी ठेवायची, दांडा ओढून ठरलेल्या खोलीपर्यंत बसवायची, तोंड किंचित आवळायचं. मामांचा प्रेस एका वेळी एकच काम करतो, त्यामुळे तासाला पन्नास-साठ काडतुसं. ज्यांना शर्यतीसाठी महिन्याला हजारो लागतात ते फिरत्या तबकाचा प्रेस घेतात. दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

पिस्तुलाची पुंगळी दहा-बारा वेळा सहज चालते. रायफलीची लवकर थकते, मान चिरते किंवा बुडाजवळ चकाकतं कडं उमटतं. तसं कडं दिसलं की ती भंगारात. मामा एकेक पुंगळी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. भाजीवाल्याकडे भेंडी निवडणाऱ्या बाईच्या तोडीचा तो संशय होता.

प्रत्येक पुंगळी भरता येते असंही नाही. बुडाला मधोमध एक भोक असेल तर सुई सरळ आत जाते आणि टोपी पडते. दोन बारीक भोकं असतील तर घरच्या साधनांनी ते काम जवळपास अशक्य. एका भोकाची रचना एडवर्ड बॉक्सर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची, दोन भोकांची हायरम बर्डन या अमेरिकनाची, दोन्ही १८६०च्या दशकातल्या. इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. अमेरिकेत घरोघरी रीलोडिंग रुजलं, त्याला ही अदलाबदलही कारण आहे. रशियाहून येणारी पोलादी पुंगळीची काडतुसं याच दोन भोकांची, एकदा वापरून फेकायची, पण बाजारातली सगळ्यांत स्वस्त असायची. रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या प्रकरणात ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेने निर्बंध जाहीर केले आणि रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने थांबवले. स्वस्तातला तो आधारही मग पातळ होत गेला.

हा उद्योग मुळात हौसेचा नव्हता. १८७०च्या दशकात बायसनच्या मागे मैदानं तुडवणारे कातडी-व्यापारातले शिकारी तंबूत बसून रोजच्या पुंगळ्या भरत. तयार काडतुसं महाग, शिवाय दुकान शेकडो मैलांवर. पुढे दुसऱ्या महायुद्धात सगळा दारूगोळा सैन्याकडे वळला आणि घरगुती शिकाऱ्याला काही मिळेना. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाचा गृहस्थ वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या जागेत साचे बनवू लागला. उडालेल्या .२२च्या फुकट पुंगळ्या घ्यायच्या, त्यांचंच कवच करून आत शिसं दाबायचं आणि गोळी तयार करायची. आयडाहोत व्हर्नन स्पीअर हेच करत होता. हंटिंग्टनची आरसीबीएस आणि स्पीअर ही आज या धंद्यातली मातब्बर नावं आहेत.

त्याहून गमतीची गोष्ट ब्रूस हॉजडनची. युद्ध संपल्यावर सरकारकडे बंदुकीच्या दारूचे डोंगर उरले होते. कॅन्सस भागातल्या या सामान्य विक्रेत्याने आयुर्विम्यावर कर्ज काढलं आणि हजारो पौंड दारू विकत घेतली. ठेवायची कुठे? एका शेतात रेल्वेचा जुना मालडबा आणून ठेवला, तेच कोठार. एका मासिकात इंचभर जाहिरात दिली. पोरं शाळेत जाता जाता पार्सलं मालधक्क्यावर टाकून येत. हॉजडनच्या नावाची दारू आजही निम्म्या अमेरिकेच्या बाकांवर असते. आणि एल्मर कीथ! आयडाहोचा हा गुराखी-लेखक .४४च्या काडतुसात कारखान्याच्या मापापेक्षा दणदणीत जास्त दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला, लेख लिहून कंपन्यांच्या मागे लागला, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात कंपन्यांनी .४४ मॅग्नम बाजारात आणलं. घरातल्या बाकावरचं काम कारखान्यात गेलं, असा उलटा प्रवास.

आता पैशाचं बोलू. वाचतात का?

२०२०पूर्वीचा ढोबळ हिशेब असा. ९ मिलिमीटरचं तयार काडतूस अठरा-वीस सेंट. घरी भरताना गोळीचे आठ, टोपीचे तीन, दारूचे दोन, पुंगळी फुकट, एकूण तेरा. बचत सहा सेंटांची. प्रेस, साचे, तराजू, घासायचं भांडं असा संच पाचशे डॉलरला पडला असेल तर तो वसूल व्हायला आठ हजारांवर काडतुसं भरायला हवीत. तासाला पन्नास भरणारा माणूस ताशी तीन डॉलर कमावतो. डॅलसमध्ये कुणी त्या मजुरीवर गवतही कापणार नाही. याउलट .३३८ लापुआसारखं लांब पल्ल्याचं काडतूस दुकानात पाच-सहा डॉलरला एक पडतं, घरी त्याच्या निम्म्याहून कमीत होतं. तिथे संच शे-दोनशे बारांत फिटतो. म्हणजे जे सगळ्यांत जास्त वापरतात त्यांना प्रत्येकी सगळ्यांत कमी वाचतं, आणि ज्यांना भरपूर वाचतं ते वर्षाकाठी मोजकीच झाडतात. छर्ऱ्याच्या बाराबोअर काडतुसांत तर साधा माल घरी भरण्यात अलीकडे काही उरतच नाही. जुने लोक सवयीने भरतात.

यावर तिथल्या जुन्या मंडळींचं ठरलेलं उत्तर आहे: पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त बार होतात. मामींचं म्हणणं याहून रोखठोक. ‘वीस वर्षं हे पैसे वाचवतायत. मला ते कधी दिसले नाहीत.’ मामा हसले आणि म्हणाले, ‘अगं, ते त्या डब्यात आहेत.’ डब्यात खरोखरच सहा-सात हजार गोळ्या होत्या.

अचूकपणासाठी भरणारे वेगळे. एकाच बंदुकीला नेमकी कुठली दारू, किती, गोळी किती खोल, हे महिनोन्महिने लिहून ठेवणारी माणसं असतात आणि त्यांची वही त्यांच्या बंदुकीपेक्षा मोलाची असते. पण तो विषय बचतीचा नाही, वेडाचा आहे.

खरा प्रश्न मला तिसराच वाटतो. भाव कडाडले की रीलोडिंग माणसाला सोडवतं का? तयार काडतूस सत्तर सेंटांवर गेलं तेव्हा तेरा सेंटांत घरी भरणाऱ्याची चंगळ व्हायला हवी होती. झाली, पण फक्त ज्यांच्या फळीवर आधीचा साठा होता त्यांची. नव्याने बाजारात गेलेल्याला टोपीच मिळेना.

ही टोपी म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी पितळी वाटी. आत लेड स्टिफनेट या स्फोटक रसायनाचा ठिपका. पिस्तुलाचा खटका तिच्यावर आपटला की ठिणगी आतल्या दारूला लागते. ‘पितळ जमिनीवर मिळतं,’ मामा सांगत होते, ‘शिसं पूर्वी टायरवाल्याकडे मिळायचं. चाकाला तोल साधायला वजनं लावतात ना, ती वितळवून लोक गोळ्या ओतायचे. आता तीही जस्ताची यायला लागली. दारू चार महिने थांबलं तर येते. हे मात्र घरी होत नाही. होऊ नये. बोटं जातील.’

अमेरिकेत नागरी बाजारासाठी टोप्या बनवणारी मोठी नावं चारच: मिनेसोटातलं फेडरल, आयडाहोतलं सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. या चौघांचा मुख्य धंदा तयार काडतुसांचा. टंचाई आली की प्रत्येक टोपी आधी स्वतःच्या काडतुसात जाणार, उरली तर सुटी विकायला. त्यांच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. परिणाम असा की २०२०च्या आधी हजाराला तीस-पस्तीस डॉलरला मिळणाऱ्या टोप्या २०२१मध्ये माणसामाणसांतल्या व्यवहारात दीडशे-दोनशेवर गेल्या. ऑनलाइन मागवल्या तर धोकादायक मालाच्या वाहतुकीचा आकार वेगळा. ज्यांनी दोनशे डॉलरचा प्रेस त्याच उन्हाळ्यात मोठ्या उमेदीने घेतला, त्यांच्यापैकी कित्येकांचा तो खोक्यातच राहिला.

म्हणजे ज्या दिवशी रीलोडिंगची गरज सगळ्यांत जास्त, त्याच दिवशी ते करणं सगळ्यांत अवघड. गॅरेजमध्ये बसून आपण कारखान्यापासून मोकळे झालो असं वाटत असतं, पण बाकावरची दोरी त्याच चार कारखान्यांच्या हातात असते. आणि त्या चारांपैकी तीन नावं, फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन, आता एकाच घरात आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये या तिन्हींची मालक असलेल्या व्हिस्टाने आपला सगळा काडतुसांचा धंदा चेकोस्लोव्हाक ग्रुप या प्राग इथल्या शस्त्रकंपनीला सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास विकला. ‘स्वावलंबन’ हा शब्द तिथल्या बंदूकवाल्यांच्या तोंडी सारखा असतो. त्यांच्या टोप्यांचे भाव मात्र आता चेक मालक ठरवतो.

टोप्यांचं थोडं निभावतंय तोवर दारू अडली. बंदुकीची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते आणि नायट्रोसेल्युलोज होतं कापसापासून. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावर सरकीला चिकटून जी बारीक लव राहते, ती यासाठी उत्तम. विदर्भात ज्या सरकीची ढेप गुरांना घालतात तिचीच ही वरची लव. युरोपातल्या दारूगोळा कंपन्या या लवेसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तोफांना १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांमागून गोळे लागू लागले, आणि टेक्सासच्या गॅरेजमधला एक पौंडाचा डबा आणि दोन्येत्स्कमधली तोफ एकाच कच्च्या मालाच्या रांगेत आले. रांगेत पुढे कोण राहणार हे सांगायला नको. २०२४मध्ये अलायंट या प्रसिद्ध कंपनीने सुट्या डब्यांचा पुरवठा काही काळ थांबवलाच. त्या वर्षीच्या डिसेंबरात चीनने अमेरिकेला अँटिमनी देण्यावर बंदी घातली. शिसं कडक करायला आणि टोपीतल्या मिश्रणात, दोन्हीकडे अँटिमनी लागतं. वर्षभराने बंदी तात्पुरती उठवली गेली, पण तोवर भाव उडाला होता. ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने तांब्याच्या अर्धपक्क्या मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं, ते आणखी वेगळं.

पितळेचीही एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मिसुरीतल्या लेक सिटी या लष्करी कारखान्याच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सैन्याच्या सरावानंतर लिलावात विकल्या जातात आणि त्यांवर रीलोडिंगचा मोठा बाजार चालतो. मार्च २००९मध्ये संरक्षण खात्याने फर्मान काढलं: यापुढे पुंगळ्या चेचून, निव्वळ भंगार म्हणून विकायच्या. आधीच टंचाई, त्यात हे. आरडाओरडा झाला, मोंटानाच्या दोन्ही सिनेटरांनी पत्र लिहिलं आणि काही दिवसांतच फर्मान मागे घेतलं गेलं. पुंगळ्यांसाठी दोन सिनेटर इतक्या तातडीने हलतात, यातून त्या राज्यातल्या मतदाराची ओळख पटते.

धोक्याबद्दल मामा कमी बोलतात पण त्यांची मांडणीच बोलकी आहे. बाकावर एका वेळी एकाच दारूचा डबा. दारू घातलेल्या पुंगळ्या लाकडी तबकात ओळीने उभ्या, आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावून बघायचं. पिस्तुलाच्या काही दारूंचं माप इतकं छोटं की चुकून दोनदा पडलं तरी पुंगळी भरून वाहत नाही; बार उडाला की पिस्तूल फुटतं. उलट, दारू घालायचीच राहिली तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज फुसका येतो. नेमबाज घाईत असेल तर दुसरा चाप ओढतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळते. शिवाय शिसं. गोळ्या ओतणाऱ्यांनी रक्तातलं शिसं तपासून घ्यावं असं तिथले डॉक्टर सांगतात. सहा सेंटांच्या हिशेबात हे कुणी धरत नाही.

आपल्याकडे हा सगळा प्रकार कायद्याच्या दारातच थांबतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे, आणि कलम ५ प्रमाणे निर्मितीला परवाना हवा. म्हणजे मामांचा हिरवा प्रेस नाशिकच्या गॅरेजात ठेवला तर काडतूस भरायच्या आधी तो प्रेसच दारूगोळा ठरेल. खरं तर काडतुसांचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. खडकीचा कारखाना १८६९चा, भुसावळजवळ वरणगावचा नंतरचा. सरकारी दारूगोळा कारखान्यांच्या म्युनिशन्स इंडिया कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच. पण परवानाधारकाने दुकानातून घ्यायचं, हिशेब ठेवायचा, संपलं की पुन्हा मागायचं.

एक अपवाद कोकणात दिसतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात. तिथे काडतूस हा प्रकारच नाही. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, छर्रे घालायचे, पुन्हा बोळा, मागे टोपी चढवायची. प्रत्येक बार घरचाच. रानडुकरं आणि माकडं बागेत शिरली की पुष्कळदा नुसता आवाजाचा बार काढतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो आणि भातशेतीत डुकरं मोकळी सुटतात, ही तिथली दर निवडणुकीची तक्रार.

आणि कोल्हापूरचे नेमबाज. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१३मध्ये पिस्तुलात विश्वचषक स्पर्धेचं सुवर्ण आणलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांचं कांस्य. तिघांचंही काडतूस .२२चं. कायद्याने उद्या मोकळीक दिली तरी यांना रीलोडिंगचा उपयोग नाही, कारण .२२मध्ये वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच फिरवून बसवलेलं असतं आणि खटका त्या कडेवर आपटून ती कायमची चेपतो. पुंगळी तिथेच संपते. शिवाय सर्वोच्च पातळीवर लागणारा माल येतो तो इंग्लंडच्या इली कंपनीकडून किंवा जर्मनीतून. त्यात रुपया घसरला की भाव चढतो, जहाज अडलं की सराव अडतो. स्वप्निलच्या प्रकारात २०२४मध्ये पात्रता फेरीच्या साठ गोळ्या आणि अंतिम फेरीच्या फार तर पंचेचाळीस होत्या; पण त्या शे-सव्वाशेच्या मागे सरावाच्या हजारो असतात.

म्हणून इथली काटकसर वेगळ्या वाटेने जाते. सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलने, कारण तिचा छर्रा काडतुसाच्या कित्येक पटींनी स्वस्त. मग कोरडा सराव: बंदुकीत काहीच नाही, पण उभं राहणं, श्वास, चाप, सगळं खऱ्यासारखं, तासन्‌तास. नळीवर छोटा सेन्सर बसवून नेम कसा हलला ते संगणकावर बघायचं. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर काय किंवा पुण्यात बालेवाडीत काय, एखादं पोर बराच वेळ चाप ओढतंय आणि आवाज येत नाही, असं दिसलं तर ते असं काडतूस वाचवत असतं.

एक खर्च मात्र कुणालाच टाळता येत नाही. .२२चा प्रत्येक उत्पादन-लॉट थोडा वेगळा असतो आणि प्रत्येक नळीला त्यांतला एखादाच मानवतो. परवडणारे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कंपनीच्या चाचणी-केंद्रात जातात, ती शिकंज्यात बसवून लॉटमागून लॉट झाडून बघतात. जमला तर त्या लॉटची मिळतील तेवढी खोकी एकदम घेतात, कारण तो पुन्हा बनणार नाही. बाकीचे ज्याला जो मिळेल तो लॉट घेतात आणि त्यातली चांगली खोकी राज्य स्पर्धेसाठी बाजूला काढून ठेवतात.